सोमवारची कोरी चकती

नोव्हेंबरची बावीस तारीख, शनिवार. काम: नोंदवह्या संगणकात उतरवणे.

सहा वह्या होत्या, जाड पुठ्ठ्याच्या, लाल कापडी कण्याच्या, आणि सहाही माझ्याच अक्षरात. त्या एक्सेलमध्ये घालायच्या, सीडीवर घ्यायच्या आणि मग वह्या रद्दीत द्यायच्या असं ठरलं होतं. आमची प्रयोगशाळा पंधरा दिवसांत रिकामी करून संगणक विभागाला द्यायची होती. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या चाळीस खुर्च्या आधीच बाहेरच्या बोळात येऊन थांबल्या होत्या. चहाला जायचं तरी तिरकं होऊन जावं लागे.

मी तिथे एकोणीस वर्षं सहायक होते. खोलीतलं मुख्य यंत्र, अवरक्त वर्णपटमापक, माझ्या पाठीमागे दोन लाकडी खोक्यांत बंद होतं. त्याच्या आतली मिठाची काच गेल्या पावसाळ्यात दमट हवेने आंधळी झाली होती. नवी काच मागवायला कोणी सही केली नाही. यंत्र लोणी काळभोरच्या एका कॉलेजला द्यायचं होतं, मुलांना आतून कसं दिसतं ते दाखवायला.

सरांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, शुक्रवारी जाताना सांगितलं होतं की तारीख, नमुना, मोजणाऱ्याचं नाव आणि आकडा, एवढे चारच रकाने घ्या. शेऱ्याचा रकाना सोडा. त्यात काय असतं, तुमचे ओव्हन आणि पंखे. मी बरं म्हटलं आणि पाचही रकाने उतरवायला घेतले. एक रकाना गाळून केलेल्या कामाला मी नक्कल म्हणत नाही.

आम्ही काय मोजायचो ते सांगते. मंगळावरचा दगड आणायला कोणी जात नाही, पण त्याच्यावर पडून परत फिरलेला सूर्यप्रकाश आपल्यापर्यंत येतो. त्यातला लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा भाग म्हणजे अवरक्त. मंगळाची हवा त्यातला आपला वाटा खाते, जमीन आपला खाते. कार्बन डायऑक्साइड एका जागी खातो, चिकणमाती दुसऱ्या, पाणी तिसऱ्या. उरलेल्या प्रकाशाचा आलेख काढला की त्यात खड्डे दिसतात. कोणता खड्डा कोणाचा हे माहीत असेल तर इथे बसून तिथे काय आहे ते सांगता येतं, आणि ते माहीत व्हायला आधी पृथ्वीवरचे ओळखीचे दगड मोजून ठेवावे लागतात. मंगळाची जमीन बरीचशी काळ्या बेसॉल्टची आहे, आणि पुण्याच्या आसपास त्याच्याशिवाय दुसरा दगड मिळणं कठीण. म्हणून आमची प्रयोगशाळा.

पृथ्वीवरून दुर्बिणीने मंगळ बघणाऱ्याची पहिली अडचण म्हणजे मधली आपलीच हवा. तिच्यातही बाष्प असतं, तेही खड्डा पाडतं. म्हणून आधी आपली हवा मोजायची आणि वजा करायची. नाही केली तर आपलंच पाणी आपण मंगळावर ओतून मोकळे होतो. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हे मी स्वतः सांगत असे.

तिसऱ्या वहीपासून एका मुलीचे नमुने सुरू होत होते. मुलगी म्हणजे तेव्हा तिशीला आलेली, बिबवेवाडीची, घरात तिच्याआधी कोणी विज्ञानात संशोधन केलेलं नाही. तिच्याबरोबरचे निम्मे लोक हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये गेले होते आणि कंपनीच्या बसमधून जाताना तिला हात करत. तिलाही तसं एक पत्र आलेलं होतं, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं. पण आधी पीएच.डी., असं तिने घरी सांगितलं होतं. नोंदणीची मुदत एकदा वाढवून घेतलेली, दुसऱ्यांदा वाढत नाही. प्रबंध सादर करायची शेवटची तारीख होती सोमवार, चोवीस. प्रबंध बांधून तयार होता.

तिचं म्हणणं थोडक्यात असं. वाघोलीच्या एका दगडखाणीत जसजसं खाली जावं तसतसं दगडाच्या आत बांधलेलं पाणी वाढत जातं. वरून कोरडा दिसणारा बेसॉल्ट खोलवर पाणी धरून असतो. मग मंगळावर जिथे उल्का पडून खोलचा दगड वर आला आहे तिथे आलेखातला तो पाण्याचा खड्डा शोधावा. चांगलं म्हणणं होतं. सर खूश होते. मीही होते, कारण इतक्या वर्षांत आमच्या खोलीतून निघालेली ही पहिली गोष्ट, जी बाहेरच्या कोणाला सांगावी.

दगड आणायला ती वडिलांच्या स्कूटरवरून जायची. खाणीचा मुकादम प्रत्येक पायरीवरचा एक तुकडा बाजूला काढून ठेवायचा. कशासाठी हे तिने त्याला एकदा समजावून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "खाली गेलं की पानी हायच ताई. त्याला मशीन कशाला पायजे?" आम्ही हे बरेच दिवस हसत होतो. तो विहिरीच्या पाण्याबद्दल बोलत होता, आम्ही दगडातल्या.

दुपारी बाराच्या सुमारास मी तिचे आदल्या वर्षीचे आकडे उतरवत होते. मार्चमधला एक, एप्रिलमधला एक. खड्डा लहान. मे, थोडा मोठा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून एकदम मोठा, ऑगस्टमध्ये सगळ्यात मोठा. शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक नमुन्याच्या आधी माझीच एक ओळ: बुध. सायं. ओव्हन बंद. शुक्र. ९ वा. चालू. तीच ओळ मी पंधरा-वीस वेळा टाइप केली. हाताने लिहिताना आठवड्यातून एकदाच लिहिली होती. सलग वीसदा बोटांखालून गेली तेव्हा माझे हात थांबले.

आमच्या भागात गुरुवारी दिवसभर वीज जायची. संध्याकाळी परत येताना झटका देऊन यायची आणि त्यात ओव्हनचा थर्मोस्टॅट दोनदा जळला होता. तेव्हापासून मी बुधवारी निघताना ओव्हनचं बटण बंद करून जात असे आणि शुक्रवारी नऊला चालू करत असे. त्या ओव्हनमध्ये आमचं मीठ असायचं, पोटॅशियम ब्रोमाइड. दगडाची पूड चिमूटभर या मिठात मिसळून दाबयंत्राखाली पारदर्शक चकती करायची आणि तिच्यातून प्रकाश सोडायचा, ही पद्धत. हे मीठ घरच्या मिठासारखंच हवेतलं पाणी ओढतं. म्हणून दगड न घातलेली, नुसत्या मिठाची एक कोरी चकतीही मोजायची आणि तिचा खड्डा दगडाच्या खड्ड्यातून वजा करायचा. राहील ते दगडाचं.

कोरी चकती नियमाप्रमाणे रोज करावी. मी आठवड्यातून एकदा करायचे, सोमवारी. मीठ परदेशातून यायचं, मागवलं की सहा-सहा महिने पत्ता नसायचा, आणि बाटली पुरवून वापरल्याबद्दल माझं वार्षिक बैठकीत दोनदा कौतुक झालं होतं. सोमवार ते बुधवार यंत्र रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडे असे. ही मुलगी उशिरा आली, म्हणून उरलेला शुक्रवार मी तिला दिला. म्हणजे दीड दिवस गार पडलेल्या ओव्हनमधलं ओलसर मीठ, तास-दीड तास गरम केलेलं, आणि त्यातून वजा काय, तर सोमवारचं कोरडं मीठ. फरक सगळा दगडाच्या नावावर. उन्हाळ्यात हवाच कोरडी, फरक थोडा. जुलैत भरपूर. खाण खाली जात होती, पावसाळा पुढे सरकत होता, आणि आम्ही मोजला तो पावसाळा.

तरी मी लगेच मानलं नाही. तिच्या प्रबंधात दोन अपवाद म्हणून दिलेले नमुने होते, ते वहीत शोधले. पहिला जुलैमधला, बराच खोलचा दगड, खड्डा जवळजवळ नाहीच. पुढे तिच्या अक्षरात "नमुना खराब". तो मंगळवारी मोजलेला होता, कारण रसायनशास्त्राचा विद्यार्थी तापाने आला नव्हता आणि त्याचा दिवस मी तिला दिला होता. दुसरा सगळ्यात खोलचा, शुक्रवारचाच, पण गणपतीतला. शेऱ्यात मी लिहिलं होतं: या गुरुवारी वीज आहे. ओव्हन चालू. खड्डा लहान. पुढे पेन्सिलीने तिने एक प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

मी डबा उघडला, खाल्ला, डबा धुतला. नंतर सरांच्या घरी फोन केला. ते झोपले होते. चारला परत केला आणि सगळं क्रमाने सांगितलं.

ते सगळं ऐकून म्हणाले, "तुम्हाला टाइप करायला सांगितलं होतं बाई. वाचायला नव्हतं सांगितलं."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"बरोबर असणार तुमचं. आता मला सांगा, मशीन कुठे आहे?"

"माझ्या मागे. खोक्यात."

"मग?"

दगड शिल्लक होते. यंत्र चालत असतं तर रोजची कोरी चकती करून महिनाभरात सगळं परत मोजता आलं असतं. दुसरीकडे मोजून घ्यायचं तर अर्ज, परवानगी, रांग, आणि हातात एक रविवार. सर म्हणाले की प्रबंधातल्या प्रमाणपत्रावर त्यांनी सही केली आहे, ती ते मागे घेणार नाहीत. मी मुलीला सांगितलं तर मला अडवणारही नाहीत. इतकं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्यांची खोली जाणार होती, दीड वर्षाने ते स्वतः निवृत्त होणार होते. मी त्यांना दोष देत नाही. पण त्यांनी मला अडवलं असतं तर बरं झालं असतं असं मला त्या संध्याकाळी दोन-तीनदा वाटलं.

रविवारी दहाला बिबवेवाडीला गेले. तिसरा मजला, दारात चपला नीट ओळीत. वडील सरकारी कचेरीच्या अभिलेख विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी दार उघडून जयभीम केला, मी नमस्कार केला, दोन्ही एकदमच झालं. आत भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब, खाली टेबलावर प्रबंधाच्या चार प्रती, काळ्या पुठ्ठ्याच्या, सोनेरी अक्षरांच्या. पुठ्ठे वाकू नयेत म्हणून वर पोळपाट ठेवला होता आणि पोळपाटावर वाघोलीचे दोन दगड. वडील म्हणाले की त्यांनी पूर्ण वाचला, पहिली नऊ पानं समजली, पुढची नुसती वाचली. आई पोहे आणायला आत गेली. मी म्हटलं, पोहे नंतर, आधी मला बोलायचं आहे.

उतरवलेल्या नोंदींचे छापून नेलेले कागद मुलीच्या हातात दिले आणि उभ्याउभ्याच सांगितलं. बसून सांगितलं असतं तर लांबलं असतं. ती हुशार होती, मंगळवारच्या नमुन्यापाशी आल्यावर तिने पुढचं ऐकलं नाही. कागदावर बोट ठेवून ती तारखा बघत राहिली. आत कढईत मोहरी तडतडली आणि मग आईने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

ती म्हणाली, "हे तुम्ही मला मंगळवारी सांगितलं असतं तर?"

"मंगळवारी सांगून काय झालं असतं?"

"सोमवार होऊन गेला असता."

वडील हसले आणि एकदम हसायचे थांबले. काय घडलंय ते त्यांना तेव्हा कुठे उमगत होतं.

मग ती मला म्हणाली, आवाज न चढवता, "मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं मॅडम, कोरी चकती रोज करायची ना म्हणून. पुस्तकात तसंच आहे. तुम्ही म्हणालात, इथे सोमवारी होते."

मला आठवलं. कुठे उभी राहून म्हणाले तेही आठवलं, खिडकीपाशी, हातात मिठाची बाटली होती. मी म्हटलं, "हो. म्हणाले होते." एकोणीस वर्षांत मी त्या खोलीतलं काय काय दुरुस्त केलं होतं, पंप, पंखे, दाबयंत्राची गळती, दाराची कडी. ही एक गोष्ट माझ्या हाताने बिघडली होती आणि ती माझ्या हाताने दुरुस्त होणार नव्हती. मी तिला म्हटलं की वह्या रद्दीत जाणार आहेत, आणि ही चूक सरांशिवाय या घराबाहेर कोणाला माहीत नाही. ते मी का बोलले ते मला अजून नक्की सांगता येत नाही. तिला वाट मोकळी करून द्यावी म्हणून असेल, किंवा निर्णय तिच्यावर ढकलावा म्हणूनही असेल.

वडिलांनी विचारलं, "दुरुस्ती होत नाही का?"

मी यंत्राचं सांगितलं.

"मग पुस्तकात चूक राहिली की कागद लावतात तसा लावता येत नाही का? शुद्धिपत्र."

"ते छपाईच्या चुकांना असतं बाबा," ती म्हणाली. "हा अख्खा चौथा भाग आहे."

"मग मोठा लावा."

तिने त्यांच्याकडे बघितलं. हे ते गंमत म्हणून बोलले नव्हते. आयुष्यभर त्यांनी फायलींना कागद जोडले होते, काढलेला मात्र एकही नाही, हे त्यांनी मला नंतर दाराशी सांगितलं. ती आत जाऊन वही-पेन घेऊन आली आणि पोळपाट सरकवून टेबलाच्या कोपऱ्यावर लिहायला बसली. लिहिताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते मनगटाने पुसून पुढे लिहीत होती. आईने पोहे आणले, ते कोणी खाल्ले नाहीत. मी खाल्ले. केलेलं अन्न टाकलेलं मला बघवत नाही.

तिने पहिल्यांदा लिहिलं की चूक संशोधकाची आहे. मी ते खोडायला लावलं. आठवड्यातून एकदा कोरी चकती हा निर्णय सहायकाचा, असं लिही म्हटलं, खाली मी सही करीन. त्यावर ती म्हणाली, "तुमची सही परीक्षक कशाला बघतील?" खरंच होतं. तरी तिने लिहिलं.

तो कागद लावला तर काय होणार हे त्या घरात आम्हा तिघांना माहीत होतं, आणि आई आमच्या तोंडाकडे बघून समजली होती. तसंच झालं. पुढच्या उन्हाळ्यात दोनपैकी एका परीक्षकाने प्रबंध परत पाठवला: प्रामाणिकपणाची नोंद घेतली, मोजणी पुन्हा करून चौथा भाग नव्याने सादर करावा. यंत्र तोवर लोणी काळभोरला गेलं होतं आणि ती हिंजवडीला. तिच्या नावामागे डॉक्टर लागलं नाही. दिवाळीला तिचा फोन येतो, एकदाही विषय निघाला नाही. मी काढत नाही.

त्या सोमवारी सकाळी आठला मी प्रयोगशाळा उघडली. तिच्या अक्षरातलं पान इंग्रजीत टाइप केलं, चौदा ओळी झाल्या, चार प्रती छापल्या. साडेआठला ती आली, वडील खाली स्कूटरपाशी थांबले. पिशवीत प्रबंध आणि ते दोन दगडही होते, दाबायला. आम्ही दोघींनी सह्या केल्या. मी डिंकाची बाटली, पट्टी आणि जुनं फडकं घेतलं आणि चारही प्रतींत चौथ्या भागाच्या पहिल्या पानाआधी कागद चिकटवला, कडेला अर्धा इंच डिंक, जास्त नाही, नाहीतर पान सुरकुततं. मग प्रती एकावर एक ठेवून वर दगड ठेवले.

सव्वानऊला सर आले. एक प्रत दगडाखालून काढून त्यांनी उभ्यानेच कागद वाचला. "दुसऱ्या ओळीत स्वल्पविराम राहिलाय," म्हणाले, खिशातलं पेन काढून चारही प्रतींत तो त्यांनी स्वतः घातला आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दहाला ती पिशवी घेऊन निघाली. खुर्च्यांमधून तिरकी होऊन जाताना पिशवी एका खुर्चीला अडकली, ती मी सोडवून दिली. दगड टेबलावरच राहिले होते, हे नंतर लक्षात आलं. मी परत येऊन चौथी वही उघडली, तारीख, नमुना, नाव, आकडा आणि शेरा हे पाच रकाने आखले आणि टाइप करायला बसले.